प्रीमियर पद्मिनीच्या सस्पेन्शनची घरगुती दुरुस्ती

प्रीमियर पद्मिनी व तिच्या आधीच्या फियाट ११०० मालिकेतील मोटारींच्या सस्पेन्शनचे म्हणजेच निलंबन यंत्रणेचे झिजलेले भाग मालकाने राहत्या जागी तपासणे, सुटे करणे, साफ करणे, बदलणे आणि पुन्हा जुळवणे, या कामास सामान्यतः 'सस्पेन्शनचे काम' असे म्हटले जाते. या मोटारी मुंबईच्या कुर्ला उपनगरातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडच्या कारखान्यात तयार होत असत. त्यांचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांसारख्या उपनगरांत अशा गाड्या जपणाऱ्या मालकांना बरीचशी कामे स्वतः शिकून किंवा जुन्या कारागिराच्या मदतीने करावी लागतात. सस्पेन्शनचा संबंध केवळ प्रवासातील आरामाशी नसून सुकाणू, ब्रेक आणि चाकाची रस्त्यावरील पकड यांच्याशीही असल्यामुळे हे काम सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते.

== पार्श्वभूमी ==

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी कंपनीने अमेरिकेतील क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी केली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी भारतात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ११०० डी ही आवृत्ती आली. हीच गाडी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' या नावाने विकली गेली व १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर आणि सुमारे ९०० किलोग्रॅम वजन ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत.

कोलकात्यात टॅक्सी म्हणून अ‍ॅम्बॅसेडरला जे स्थान मिळाले, ते मुंबईत पद्मिनीला मिळाले. १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर खासगी ग्राहक नव्या गाड्यांकडे वळू लागले, तरी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी पुढेही अनेक वर्षे शहरात धावत राहिली. मुंबईतील टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाल्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने घटली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. तिची मुदत संपताच, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने या घटनेला वेगळे महत्त्व आहे. रोज शेकडो थांबे घेणारी टॅक्सी ही बुश, किंगपिन, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पाटे यांची मोठी ग्राहक होती. या गाडीचे पुढचे चाक नुसते हलवून दोष सांगणारे कारागीरही तिच्याच जिवावर काम करीत. टॅक्सी गेल्यानंतर मागणी घटली आणि ते ज्ञान मोजक्या गॅरेजांपुरते व मालकांपुरते उरले.

== रचना ==

फियाट ११०० च्या १९५३ मधील मूळ आराखड्याप्रमाणे पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा भार पेलतो आणि सस्पेन्शनचे बोल्ट शेवटी याच सांगाड्याला येऊन मिळतात. त्यामुळे पत्रा गंजला असेल, तर नवे भाग बसवूनही उपयोग होत नाही.

=== पुढील बाजू ===

पुढील दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली होतात. प्रत्येक चाकाला वरचा व खालचा असे दोन आर्म असतात. त्यांना त्यांच्या आकारावरून विशबोन असेही म्हणतात. गाडीचे वजन गुंडाळीच्या स्प्रिंगवर येते आणि स्प्रिंगची हेलकावणी शॉक अ‍ॅब्सॉर्बर शमवतो. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा असतो. चाक डावी-उजवीकडे वळते ते किंगपिन या उभ्या खिळीभोवती. आजच्या बहुतेक गाड्यांत या जागी बॉल जॉइंट असतो व तो झिजला की पूर्ण बदलला जातो. किंगपिन मात्र बुशमध्ये फिरते, तिला नियमित ग्रीस लागते आणि झीज झाल्यास बुश बदलून मापात घासावे लागतात.

=== मागील बाजू ===

मागे अखंड धुरी असून ती दोन्ही बाजूंच्या कमान पाट्यांवर बसवलेली असते. लहान-मोठ्या लांबीचे पाटे एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने बांधतात आणि यू-बोल्टने धुरीला आवळतात. सर्वांत लांब पाट्याला 'मेन पाटा' म्हणतात. त्याचे एक टोक सांगाड्याला थेट जोडलेले असते, तर दुसरे टोक शॅकल या झुलत्या जोडातून सांगाड्याला मिळते. पाटा दबला की सरळ होतो व त्याची लांबी वाढते. ही वाढ सामावून घेणे हे शॅकलचे काम आहे. शॅकलचे बुश जाम झाले तर पाटा मोकळा हलत नाही, गाडी कडक लागते आणि मेन पाटा तुटण्याचा संभव वाढतो.

== झिजेची कारणे ==

मुंबई उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणतः दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की सांध्यांतील ग्रीस धुऊन निघते आणि त्याच्या जागी गाळ व वाळूचे कण बसतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. अशा पुरात बुडालेल्या गाड्यांच्या बंद पोकळ्यांत शिरलेला गाळ वर्षानुवर्षे ओलावा धरून ठेवतो. समुद्राकडील खारी हवा, खड्डे, पेव्हर ब्लॉकच्या उंचसखल जागा आणि गतिरोधक यांचाही झिजेत वाटा असतो.

अति वापराइतकाच वापराचा अभाव घातक ठरतो. इमारतीखाली महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी बुश कडक होऊन तडकतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे सील सुकून तेल झिरपू लागते आणि टायर एकाच जागी चपटे होतात. कमी धावलेली गाडी म्हणजे चांगल्या सस्पेन्शनची गाडी, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

== तपासणी ==

भाग सुटे करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे आवश्यक असते. अन्यथा चांगले भाग बदलले जातात व दोष तसाच राहतो. प्रचलित चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत.

* दाब चाचणी: गाडीचा एक कोपरा हाताने जोरात दाबून सोडतात. तो वर येऊन जवळजवळ लगेच स्थिर झाला पाहिजे. दोन-तीन हेलकावे आल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाल्याचे समजते. त्याच्या नळीवर तेलाचा ओला थर दिसणे हीदेखील खूण आहे.
* उभी हालचाल: पुढचे चाक उचलून, वर व खाली धरून हलवतात. खडखड जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबून धरण्यास सांगतात. ब्रेक दाबताच हालचाल थांबली तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये असतो, आणि तरीही राहिली तर किंगपिन किंवा आर्मच्या बुशमध्ये.
* आडवी हालचाल: चाक डाव्या व उजव्या कडेला धरून हलवतात. येथील ढिलाई मुख्यतः सुकाणूच्या टाय रॉडची असते.
* उंचीचे माप: गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजतात. फरक आढळल्यास एका बाजूची स्प्रिंग किंवा पाटे बसले आहेत असा निष्कर्ष निघतो.
* टायरची झीज: एकाच कडेची झीज चाकाचा कल बिघडल्याचे दर्शवते, करवतीच्या दात्यांसारखी झीज टो बिघडल्याचे, तर जागोजागी पडलेले खळगे शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बेअरिंगमधील दोष दाखवतात.
* पत्र्याची तपासणी: पाट्यांचे व आर्मचे बोल्ट जेथे बसतात तेथील रंग व मातीचा थर खरवडून पत्रा बोथट अवजाराने दाबून पाहतात. पत्रा दबला किंवा भोक पडले तर सस्पेन्शनच्या आधी पत्र्याचे काम करावे लागते.

== जागा व सुरक्षितता ==

उपनगरांत स्वतंत्र गॅरेज असलेली घरे थोडी आहेत. काम बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या आवारात किंवा इमारतीखालील पार्किंगमध्ये करावे लागते. त्यासाठी संस्थेची संमती, शेजाऱ्यांच्या गाड्यांना मोकळी वाट आणि मुलांना दूर ठेवण्याची व्यवस्था या तीन गोष्टी आधी पाहिल्या जातात. सुटी झालेली गाडी हलवता येत नसल्याने, एका दिवसात पूर्ण होईल एवढेच काम, म्हणजे एका वेळी एकच बाजू, हाती घेणे सोयीचे ठरते. दुसरी बाजू तशीच जुळलेली असल्यामुळे भागांचा क्रम विसरल्यास ती पाहून खात्री करता येते.

या कामातील सर्वांत मोठा धोका गाडी अंगावर येण्याचा असतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये. उचललेली गाडी दोन मजबूत जॅक स्टँडवर टेकवून, ती हलवून पाहून मगच चाक काढतात. पेव्हर ब्लॉक भाराखाली खचतात, म्हणून स्टँडखाली जाड लाकडी फळी ठेवतात. विटा किंवा सुटे दगड भाराखाली अचानक फुटू शकतात, त्यामुळे ते वापरत नाहीत. हँडब्रेकचा परिणाम मागील चाकांपर्यंतच असल्याने मागची बाजू उचलताच तो निरुपयोगी होतो. अशा वेळी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अत्यावश्यक असते.

दुसरा धोका पुढील स्प्रिंगचा आहे. गाडीच्या वजनावरून पाहता पुढील प्रत्येक चाकावर २०० किलोग्रॅमहून अधिक भार येतो. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूस आर्मवर बसत असल्याने तिच्यावरील दाब त्याहूनही जास्त असतो. आर्मचा बोल्ट थेट काढल्यास दबलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उसळू शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती बांधून घेतल्याशिवाय किंवा आर्मला जॅकचा आधार देऊन सावकाश उतरवल्याशिवाय हा बोल्ट सैल करू नये. पुरेशी साधने नसतील तर एवढा टप्पा गॅरेजमध्ये करून घेणे इष्ट ठरते.

जाम झालेले नट सोडवण्यासाठी भेदक तेल लावून ते रात्रभर मुरू देतात. गॅसच्या ज्योतीने नट तापवणे इमारतीखाली टाळावे. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागील बाजूस असल्याने तेथे हा उपाय विशेष धोकादायक आहे.

== कामाची पद्धत ==

=== पुढील बाजूचे काम ===

चाक काढण्यापूर्वी सर्व बोल्टांची जागा, वॉशरांचा क्रम आणि आर्मच्या बैठकीतील शिमची संख्या लिहून किंवा छायाचित्र काढून ठेवतात. शिम म्हणजे चाकाचा कल ठरवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या होत. त्या जेथून निघाल्या तेथेच गेल्या नाहीत तर नवे भाग बसवूनही गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेकचा भाग मोकळा केल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवत नाहीत, तर तारेने वर बांधतात. आर्मचे जुने बुश बाकात म्हणजे व्हाइसमध्ये किंवा हातदाब यंत्रावर योग्य मापाचा पाइपचा तुकडा लावून दाबून काढतात. हातोड्याने ठोकल्यास आर्मचे भोक विस्फारण्याची शक्यता असते. नवा बुश बसवण्यापूर्वी भोकातील गंज बारीक पॉलिश पेपरने काढतात. रबरी बुशला तेल किंवा ग्रीस लावल्याने रबर फुगते, त्यामुळे बसवताना साबणाचे पाणी वापरतात.

किंगपिनच्या बाबतीत आधी ग्रीस निपल उघडे आहे की नाही ते पाहतात. जुने घट्ट झालेले ग्रीस वाट अडवत असेल, तर वरून ग्रीस गन लावूनही सांध्यात ग्रीस पोहोचत नाही. अनेक किंगपिन अकाली झिजतात त्या याच कारणाने. थोडीच ढिलाई असेल तर नवे ग्रीस भरल्यावर व शिम बदलल्यावर ती कमी होते. झीज अधिक असेल तर किंगपिन व बुश एकत्र बदलावे लागतात.

=== मागील बाजूचे काम ===

गाडी सांगाड्याच्या आधारावर स्टँडवर ठेवून धुरी जॅकने वेगळी पेलतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, यू-बोल्ट आणि शॅकल या क्रमाने सुटे केल्यावर पाट्यांचा संच खाली येतो. संच बाकात आवळून मगच सेंटर बोल्ट काढतात, कारण बोल्ट निघताच पाटे उसळून विलग होतात. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर आडवी तडे आहे का ते पाहतात. तडा विशेषतः सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि मेन पाट्याच्या वेटोळ्याजवळ जातो. तडकलेल्या पाट्यास वेल्डिंग करणे चुकीचे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा त्याच जागी पुन्हा तुटतो.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचे काम पाटेवाले कारागीर करतात. केवळ ठोकून दिलेली कमान लवकर उतरते, तर तापवून व पाणी देऊन केलेली अधिक टिकते. दोन्ही बाजूंचे काम एकाच वेळी केल्यास गाडीची उंची सारखी राहते. यू-बोल्ट ताणले गेलेले असल्याने ते पुन्हा न वापरता नवे बसवतात.

=== जुळणी ===

रबरी बुशमधून जाणारे बोल्ट प्रथम हाताने आवळेपर्यंतच घेतात. गाडी चाकांवर उतरवून, एक-दोनदा दाबून नैसर्गिक उंचीला आल्यावरच ते पूर्ण आवळतात. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घरगुती दुरुस्तीत हीच चूक सर्वाधिक आढळते. नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण ताणतात व दाबतात, त्यामुळे आतील हवा निघून जाते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलतात. काढलेली प्रत्येक स्प्लिट पिन टाकून देऊन नवी वापरतात.

ब्रेकची नळी सोडवली असल्यास ब्रेकमधील हवा काढल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. पहिली चाचणी आवारातच अत्यंत सावकाश घेतात आणि सुमारे १०० किलोमीटर धावल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासतात.

== घराबाहेर करावी लागणारी कामे ==

किंगपिनचे दोन बुश एका रेषेत रीमरने घासणे, लेथवर बुश बनवणे, पाट्यांना कमान व पाणी देणे, गंजलेल्या बैठकीचे वेल्डिंग आणि व्हील अलाइनमेंट ही कामे घरी करणे व्यवहार्य नसते. कुशल मालक सुटे केलेले भाग कारागिराकडे नेतात व जुळणी स्वतः करतात. अलाइनमेंट मात्र अखेरीस करून घ्यावीच लागते. सस्पेन्शनचा कोणताही सांधा उघडला की चाकांचा कल व टो यांत बदल होतो.

== सुटे भाग ==

जुन्या भागांसाठी कुर्ला-कलिना परिसरातील सी. एस. टी. रोडवरील वाहनांच्या भंगाराची दुकाने मुंबईत परिचित आहेत. जुन्या साठ्यातील न वापरलेले भाग, नव्याने बनवलेले भाग आणि मोडीत निघालेल्या गाडीचे भाग असे तीन प्रकार बाजारात असतात. जुन्या साठ्यातील धातूचे भाग बहुधा उत्तम असतात, मात्र त्याच साठ्यातील रबर वयाने कडक झालेले असू शकते. म्हणून रबरी भाग वाकवून, नख रोवून पाहिले जातात. मोडीतील आर्म घेताना तो सपाट काचेवर ठेवून वाकला आहे का ते तपासतात.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश वापरावेत की नाही याबाबत जाणकारांत मतभेद आहेत. ते तेलाने खराब होत नाहीत व अधिक काळ टिकतात. मात्र कडक असल्याने रस्त्याचा हादरा सांगाड्यापर्यंत पोहोचवतात. पत्र्याच्या सांगाड्याच्या जुन्या गाडीत ही बाब दुर्लक्षण्यासारखी नाही.

== कायदेशीर बाजू ==

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहनाच्या तपासणीनंतर ती एका वेळी ५ वर्षांसाठी नूतनित करता येते. उपनगरांत यासाठी अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) व बोरिवली (एमएच-४७) येथील परिवहन कार्यालये आहेत. घाटकोपर व मुलुंड वडाळा कार्यालयाच्या कक्षेत येतात. सुकाणू, ब्रेक व सस्पेन्शनची अवस्था या तपासणीत थेट उपयोगी पडते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. झिजलेल्या भागाच्या जागी तशाच प्रकारचा भाग बसवणे ही दुरुस्ती असते. सांगाडा कापून दुसऱ्या गाडीचे संपूर्ण सस्पेन्शन बसवणे ही वेगळी बाब आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली असून त्यासाठी मूळ स्वरूप टिकलेले असणे आवश्यक आहे. ११०० डी या वयोमर्यादेत बसते आणि आरंभीच्या पद्मिनीही आता तीत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे काढलेले मूळ आर्म, स्प्रिंग व पाटे भंगारात न देता जपून ठेवण्याची प्रथा मालकांत रूढ आहे.

== पर्यावरण ==

जुने ग्रीस, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल आणि साफसफाईचे रॉकेल इमारतीच्या गटारात सोडल्यास ते पावसाळी नाल्यांतून खाडीत जाते. ते बंद डब्यात साठवून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडे देणे योग्य असते. कामाखाली जुने पत्रे किंवा ताडपत्री अंथरल्यास फरशीही तेलकट होत नाही.

== हे सुद्धा पहा ==

* प्रीमियर पद्मिनी
* वालचंद हिराचंद
* हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसेडर
* कुर्ला
* शॉक अ‍ॅब्सॉर्बर